नोकरी-घर सांभाळून रोज लिहायला वेळ कसा काढता?

वेळ काढत नाही, आहे त्यात बसवते. सीएसएमटी ते डोंबिवली धीम्या लोकलने सव्वा तास तरी जातोच. कुर्ल्याला चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकण्यापुरती जागा, मिळाली की पर्समधली छोटी वही काढायची आणि ठाणं येईपर्यंत पाच ओळी. बास. आधी रोज दोन पानांचा पण केला होता, आठवड्यात बारगळला.

सुचत नाही म्हणता? समोर बघा. काल एक मावशी मांडीवर पेपर पसरून गवार मोडत होत्या. भांडुपला शेजारणीनेही न विचारता दोन मुठी उचलल्या, आणि गप्पा सुरू. तेवढंच लिहिलं.

गचक्यांमुळे अक्षर मात्र असं येतं की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. रविवारी वहीला हात नाही. दुपारची झोप!