रंग नवा, पण ड्राइव्हचं काय?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिळून सव्वीस फुटी जुनी क्रूझर घेतोय. 2011 ची आहे, डिझेल इंजिन, मागे आउटड्राइव्ह (बोटीच्या मागे बाहेर बसवलेला, पंखा फिरवणारा भाग). हंगामात ती गेटवेसमोर मुअरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधलेली) असते, सध्या पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवली आहे. मालकाने ड्राइव्हला नुकताच काळा रंग दिलाय, झिंकही (गंजापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे) कोरे दिसतात. दोन-तीन ठिकाणी मात्र रंगाला फोड आलेत. मालक म्हणतो, खाऱ्या पाण्यात एवढं चालायचंच. व्यवहार गणपतीच्या आधी उरकायची त्याला घाई आहे. आमचा दिवाळीत मांडव्याला जायचा बेत आहे. घ्यावी का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालतं, हे खरंच आहे. पण ‘एवढं’ म्हणजे नेमकं किती, ते रंगाखाली लपलंय.

रंग देण्याआधीचे फोटो मागा. नसतील तर फोड खरवडून बघायची परवानगी मागा. इथेच मालक चिडला, तर पुढचं वाचायची गरज नाही, दुसरी बोट बघा.

ड्राइव्हचं कवच अॅल्युमिनियमचं. त्याला जोडून स्टीलचे शाफ्ट, बऱ्याचदा स्टीलचाच पंखा, आणि भोवती खारं पाणी. म्हणजे बॅटरी तयार झाली, आणि या जोडीत झिजायचं काम अॅल्युमिनियमच्या वाट्याला येतं. त्याच्याऐवजी झिजायला म्हणून झिंक लावतात. आपल्याकडे बोट ऑक्टोबरपासून मेपर्यंत कोमट पाण्यातच उभी असते, त्यामुळे या झिजेला सुट्टी म्हणून नसते.

तर, फोड खरवडा. खाली पांढरी भुकटी निघेल. ती पूर्ण साफ करून चकचकीत धातूपर्यंत जा आणि टोच्या लावा. नखाला जेमतेम जाणवतील असे खड्डे असतील तर काळजी नको. साफसफाई, इपॉक्सी प्रायमर, वर रंग, झालं. टोच्या आत घुसला किंवा कडेचा धातू भुगा होऊन पडला, तर कवच गेलं म्हणून समजा.

जागाही महत्त्वाची. पंख्याखालचं, तळाचं पातं खाल्लं गेलं असेल तर अॅल्युमिनियम वेल्डिंग करणारा चांगला कारागीर ते भरून देतो. पंख्यामागे, जिथे ऑइल सील बसतं, तिथे खड्डे असतील तर पाणी आत शिरतं. सगळे लोक खाली वाकून पंखा बघतात; तुम्ही आधी वर बघा, जिथे ड्राइव्ह बोटीच्या मागच्या भिंतीला लागतो. त्या भिंतीवर बसवलेला अॅल्युमिनियमचा भाग पोखरलेला निघाला, तर तो बदलायला अनेकदा इंजिनच बाहेर काढावं लागतं. अशी बोट मी फुकटसुद्धा घेऊ देणार नाही, कारण क्रेन आणि मजुरी कोणी फुकट देत नाही.

आता ते कोरे झिंक. कालच लावले असतील तर ठीक, जुने काढलेले बघायला मागा. अर्धे झिजले की बदलायचे असतात. पण ‘वर्षभर तसेच आहेत हो’ असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर ते काम करत नव्हते, आणि त्यांच्या वाटचं झिजणं ड्राइव्हने झिजून घेतलं. बहुतेक वेळा झिंकच्या खालीही रंग गेलेला असतो, त्यामुळे त्याचा कवचाशी विजेचा संपर्क तुटतो. मल्टिमीटरची एक तार झिंकला, दुसरी कवचाच्या उघड्या धातूला लावा. ओहम जवळजवळ शून्य यायला हवेत. झिंकवर वरून रंग फासलेला असेल तरीही तो निरुपयोगी.

काळा रंग कुठला मारला, तो डबा बघा. बुडाला लावायचा तांब्याचा अँटीफाउलिंग रंग ड्राइव्हला दिला असेल तर शेवाळ आणि शिंपले दूर राहतील, पण अॅल्युमिनियम खलास. बुडावरचा तसला रंगसुद्धा ड्राइव्हपासून चारेक सेंटीमीटर लांब थांबलेला हवा.

रबरी बेलोज (ड्राइव्ह बोटीला जोडतो तिथलं पाणी अडवणारं घड्यांचं आवरण) हा गंजाचा विषय नाही, पण बोट मुअरिंगवर बुडते ती बऱ्याचदा यामुळेच. ड्राइव्ह वर उचलायला लावा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक घडी बघा. मग खालच्या बोल्टातून थोडं गिअर ऑइल काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. पंखाही काढून बघा. आपल्या बंदरात जाळ्यांचा नायलॉन शाफ्टला गुंडाळला जातो आणि सील कापतो.

एक गोष्ट मात्र जमिनीवर कळणार नाही. झीज जुनी आहे की अजून चालू आहे, हे पाण्यातच मोजता येतं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (तुलनेसाठीची कांडी) समुद्रात सोडून मीटर लावला की अॅल्युमिनियमच्या ड्राइव्हला साधारण उणे 900 ते उणे 1100 मिलिव्होल्ट यायला हवेत. आकडा शून्याकडे सरकला असेल तर संरक्षण अपुरं. एखाद्या बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) उघड्या तारेतूनही वीज पाण्यात गळते, आणि असं असेल तर एका हंगामात ड्राइव्हची चाळण होते. कारण सापडल्याशिवाय नवा ड्राइव्ह बसवलात, तर तोही जाईल.

म्हणून गणपतीआधी फक्त टोकन द्या. बाकी रक्कम बोट पाण्यात उतरल्यावर, हे मोजमाप आणि तासभराची चाचणी झाल्यावर, असं कागदावर लिहून घ्या. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, तेही तेव्हाच बघा. दिवाळीला मांडव्याला जायचंच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे; बोटीसाठी घाई करू नका.

प्रश्न : माझी छोटी बोट उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यात असते, हिवाळ्यात मुंबईत. मॅग्नेशियमचे अॅनोड (झिंकसारखेच झिजणारे तुकडे) कायम ठेवले तर चालतील का? – पुण्याचे वाचक

उत्तर : नाही. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी. समुद्रात ते फार जोरात काम करतं, स्वतः झरझर संपतं आणि ड्राइव्हचा रंगही उचकटतं. मुंबईत आणण्याआधी अॅल्युमिनियमचे अॅनोड लावा. खाऱ्या आणि खाडीच्या पाण्यात ते झिंकपेक्षाही बरे. धरणावर परत जाताना बदलायला विसरू नका.