मद्याच्या पिंपातला ड्यूक

क्लॅरन्सच्या ड्यूकला खरंच दारूच्या पिंपात बुडवून मारलं का?

जॉर्ज, ड्यूक ऑफ क्लॅरन्स, म्हणजे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा सख्खा धाकटा भाऊ. १८ फेब्रुवारी १४७८ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला देहदंड दिला, एवढं पक्कं. वय २८. एरवी सरदारांना कुऱ्हाडीचा मान असे, तोही चारचौघांत. इथे सगळं बंद दाराआड उरकलं. क्रॉयलंड मठातला त्या काळचा बखरकारही शिक्षा कशी दिली हे न सांगता पुढे सरकतो. मग अफवा पिकणारच. १४८३ साली लंडनमध्ये असलेल्या मँचिनी या इटालियनाने गोड मद्यात बुडवल्याचं लिहिलं, पुढे फ्रेंच दरबारातल्या कॉमिनने माल्मसी या वाइनच्या पिंपाचं. म्हणजे शेक्सपिअरने ही गोष्ट नाटकात घेतली, रचली नाही. मला ती थाप वाटत नाही. पण न्यायालयात टिकेल असा पुरावाही नाही.

माणूस बुडेल एवढं मोठं पिंप असतं का?

असतं. ‘बट’ नावाच्या पिंपात सुमारे ४७७ लीटर मद्य मावे. गच्चीवरची पाचशे लीटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. माल्मसी ही ग्रीक मुलखातली गोड, महागडी वाइन.

सख्ख्या भावाने एवढं टोक का गाठलं?

एकदा माफ करून झालं होतं म्हणून. १४६९ मध्ये जॉर्जने राजाची इच्छा डावलून वॉरिकच्या अर्लची मुलगी इझाबेल हिच्याशी कॅलेला लग्न केलं आणि सासऱ्याबरोबर बंडात उतरला. सासऱ्याने गादीवर एडवर्डने हटवलेल्या सहाव्या हेन्रीला परत बसवलं, तेव्हा जावयाच्या लक्षात आलं की आपल्या हाती काही लागत नाही. १४७१ मध्ये स्वारी पुन्हा भावाच्या गोटात!

पण खोड गेली नाही. डिसेंबर १४७६ मध्ये इझाबेल वारली. चार महिन्यांनी जॉर्जच्या माणसांनी तिची जुनी दासी अँकरेट ट्विन्हो हिला सॉमरसेटमधल्या घरातून उचललं, वॉरिकला नेलं आणि बियरमधून विष घातल्याचा आळ ठेवून फासावर चढवलं. खटला, निकाल, फाशी, सगळं एका सकाळीत. ज्यूरीतल्या काहींनी भीतीपोटी दोषी ठरवल्याचं सांगत त्या बाईचीच माफी मागितली. न्याय राजाच्या नावाने चालायचा. तो परस्पर वाकवणारा भाऊ एडवर्ड कुठवर सोसणार? जानेवारी १४७८ मध्ये पार्लमेंटात राजाने स्वतः आरोप केले. उत्तर देणारा जॉर्ज एकटाच.

‘जी’ अक्षराचं भाकीत काय होतं?

एडवर्डनंतर ‘जी’चं राज्य येणार, अशी वदंता होती. जॉर्जचं आद्याक्षर तेच. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’, तसं हे. गंमत अशी की १४८३ मध्ये गादीवर बसला तो तिसरा भाऊ रिचर्ड, ग्लॉस्टरचा ड्यूक. त्याचंही अक्षर ‘जी’च. अर्थात अशी भाकितं बऱ्याचदा निकाल लागल्यावरच नीट आठवतात.

त्याच्या मुलांचं काय झालं?

मुलगा एडवर्ड याचं डोकं १४९९ मध्ये सातव्या हेन्रीने उडवलं. मुलगी मार्गारेट पोल म्हातारी झाली, तिचं आठव्या हेन्रीने, १५४१ मध्ये. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तिचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे. ती हीच का, यावर वाद आहे. चित्रातल्या बाईच्या मनगटावर काळी फीत आहे आणि फितीला लटकतंय एक इवलंसं पिंप.