सोलापुरात फ्लॅटमध्ये बॉर्डर कॉली पाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय, बॉर्डर कॉली जातीचं कुत्रं घ्यायचंय, जुळे सोलापुरात फ्लॅट, दोघंही नोकरीला, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवू. नका घेऊ. एवढंच लिहून थांबणार होतो, पण 'दमवलं की शांत बसते ना?' हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमची चिमी आता सात वर्षांची आहे. मोबाईलवर मेंढ्या वळवणारी कॉली बघून दादानं आणली. घराला लागूनच आमचा चादरीचा कारखाना. दीड वर्षाची झाली आणि ती एका मागासमोर, म्हणजे विणायच्या यंत्रासमोर, जाऊन बसायला लागली. पुढचे पाय पसरलेले, हनुवटी जमिनीला, नजर धोट्यावर, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो त्या तुकड्यावर. धोटा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. तासन् तास. कामगार व्हिडिओ काढायचे. दादा आल्या-गेल्याला सांगायचा, "बघा की, किती शांत आहे!"

ती शांत नव्हती. लाळ गळून फरशीवर ओला डाग पडायचा, ताटलीतली भाकरी तशीच राहायची. लाइट जाऊन माग थांबले की भिंतीवरच्या सावल्यांवर झेपा घ्यायची. एक दिवस पुतण्या सायकल घेऊन अंगणातून गेला आणि तिनं त्याच्या टाचेला दात लावले. रक्त आलं नाही, पण दादानं कमरेचा पट्टा काढला. मी मधे पडलो. "तुझ्या लाडानं बिघडली," हे तो आजही म्हणतो.

बिघडली नव्हती, दादा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर पिढ्यान् पिढ्या या कुत्र्यांना नजरेनं मेंढ्या वळवण्यासाठीच निवडत आणलंय. १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा आजच्या बहुतेक कॉलींचा पूर्वज. तो न भुंकता, नुसता रोखून बघत कळप हलवायचा. चिमीला कळप मिळाला नाही, म्हणून तिनं धोटा धरला. दादा म्हणतो, "धनगराचं कुत्रं बघ, दुपारी कसं गप पडतं." अरे, त्याचं काम लांडग्यापासून राखण करायचं. कळप धनगर स्वतः हाकतो. दोघांची तुलनाच होत नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: माग तिच्या नजरेआड करा आणि डोक्याला काम द्या. शेडच्या दाराला जुनी चादर लावली. मग मी सुताच्या रिकाम्या कांड्या (रिळं) घरभर लपवायला लागलो आणि ती वासावर शोधून आणायला लागली. आधी तीन, मग दहा, आता वीस. ताळ्यावर यायला पाच महिने गेले. नुसतं पळवून ती दमत नव्हती, उलट दुसऱ्या दिवशी जास्त मागायची. वीस कांड्यांनंतर मात्र पाय ताणून झोपते.

यात रोजचे दोन तास जातात, सुट्टी नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, तेव्हा पहाटे पाचला बाहेर पडायचं आणि साताच्या आत परत. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर तिचे पंजेही भाजतात. तेवढे केस, त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, अंघोळीचा हिशोब तुम्हीच करा. केस मात्र भादरू नका, उन्हापासून तेच तिला वाचवतात.

सगळ्याच कॉली चिमीसारख्या अडकतात असं नाही. कुणाची वय झालेली, स्वभावानं स्थिरावलेली कॉली घरी येत असेल तर माझं 'नको' थोडं मऊ होईल. दोघांपैकी एक जण घरून काम करत असेल तरीही. नाहीतर गल्लीतलं एखादं देशी पिल्लू घ्या, इथल्या उन्हाला ते सरावलेलं असतं.

आणि टाचेला दात लावले म्हणून मारू नका. पुतण्या आता बारावीला आहे, कांड्या तोच लपवतो. विसावी कांडी रोज दादाच्या चपलेखाली असते. चिमी ती काढते आणि दादाच्याच हातात नेऊन देते.