वाचकांचे प्रश्न : पगाराचा दिवस आणि पोत्यामागचा कडता

प्रश्न : सप्रेम सलाम. साताऱ्यात एमआयडीसीत नोकरी करतो. महिनाभर दारूला शिवत नाही. पगाराच्या दिवशी मात्र ‘प्रभू, मला सांभाळ’ म्हणत पोवई नाक्यापर्यंत येतो आणि तरी मित्रांबरोबर बसतोच. बायबलात १ करिंथ १०:१३ मध्ये मोहाबरोबर देव उपायही करील असे वचन आहे. मग माझ्याच बाबतीत का नाही?

उत्तर : उपाय होतो, तुम्ही तो उशिरा शोधता. मराठी बायबलात जिथे ‘निभावण्याचा उपाय’ आहे, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बाहेर पडण्याची वाट’ असा आहे. आणि लगेच १४व्या वचनात पौल मूर्तिपूजेपासून दूर पळायला सांगतो. १३वे वचन पुष्कळांना पाठ असते, १४वे क्वचितच कोणाला. योसेफ पोटीफरच्या घरात प्रार्थनेला थांबला नाही, मोहात पाडणाऱ्या पोटीफरच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९:१२).

याकोब १:१४-१५ मध्ये पापाचा क्रम दिला आहे : ओढ, भुलवण, वासनेचा गर्भ, मग पापाचा जन्म. यातला ‘भुलवणे’ हा मूळ शब्द गळाला आमिष लावण्याचा. तुमचा गळ नाक्यावर नाही. पगार जमा झाल्याचा मेसेज आणि पाठोपाठ मित्राचा ‘येतोस ना?’ इथेच तो पडतो. तिथे वाट रुंद असते, टेबलावर बसल्यावर अगदी चिंचोळी. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान म्हणाला तेव्हा प्रभूने अनुवाद ६:१६ मधून उत्तर दिले : देवाची परीक्षा पाहू नको. बारच्या दारात उभे राहून ‘सांभाळ’ म्हणणे त्याच उडीच्या जातीचे आहे.

तेव्हा तयारी आदल्या दिवशी. मित्रांना ‘उद्या मी नाही’ हे तेव्हाच सांगा. गेटवर जीभ उचलत नाही. पगाराचे खाते यूपीआयला जोडलेले असेल तर काढा, घरखर्चाची रक्कम त्याच दिवशी पत्नीच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्या. खिशात भाड्यापुरतेच पैसे. सुटण्याआधी काहीतरी खाऊन घ्या, रिकाम्या पोटी थकलेला माणूस लवकर हो म्हणतो. नाका टाळून जाता येत असेल तर दहा मिनिटे जास्त लागू द्या. मंडळीतल्या एकाच भरवशाच्या माणसाला कंपनीतून निघतानाच फोन करा. पडल्यावर केलेला फोन पश्चात्तापाचा असतो, तोही करा, पण त्याने संध्याकाळ वाचत नाही.

रोज पिणाऱ्यांनी मात्र हे वाचून एकदम दारू तोडू नये. हात थरथरणे, भास, कधी फिट येणे हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होते आणि जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी. औषध घेतले म्हणजे विश्वास कमी, असे काही सभांतून सांगतात. आम्हांला ते साफ चुकीचे वाटते.

प्रश्न (मिरज) : घाणेरडा विचार मनात आला की पाप झालेच का?

उत्तर : नाही. प्रभू सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (इब्री ४:१५), म्हणजे मोह होणे हे पाप नव्हे. मत्तय ५:२८ मध्ये दोष आहे तो हेतूने पाहण्याचा. आलेल्या विचाराला बसायला पाट दिलात की हिशेब बदलतो.

प्रश्न : सांगलीत हळदीच्या अडत दुकानात (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्या) दिवाणजी म्हणजे हिशेबनीस आहे. मालकाच्या सांगण्यावरून पोत्यामागे नियमाबाहेर कडता (वजनातली कपात) धरून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करतो. दोन सीझनमध्ये त्यातले १२,००० रुपये मला मिळाले. प्रभुभोजन घेताना टोचते. २,००० दानार्पणात टाकले. खरे वागलो तर नोकरी जाईल.

उत्तर : ते २,००० परतफेडीत मोजू नका. पैसा शेतकऱ्याचा होता, दान तुमच्या नावाने झाले. मत्तय ५:२३-२४ मध्ये क्रम उलटा आहे : आधी भावाकडे जा, मग अर्पण.

लेवीय ६:५ प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १२,००० अधिक २,४००, एकूण १४,४००. जकातदार जक्कयाने चौपट देऊ केले (लूक १९:८), ती त्याची उदारता. तुमच्यावर तसा बोजा कोणी घालू नये. पण शेतकऱ्याचे नुकसान तुमच्या वाट्याहून मोठे आहे हेही पाहा. पोत्यामागे २०० ग्रॅम धरले तर ४० पोत्यांत ८ किलो जातात. मालकाने घेतलेले तुम्ही फेडू शकत नाही, मात्र पट्टी तुमच्या हातची आहे. म्हणून पैसे परत करण्याआधी खोटी पट्टी थांबली पाहिजे, नाहीतर एका हाताने फेडाल, दुसऱ्या हाताने घ्याल.

मालकाशी एकट्याने, दुकान बंद झाल्यावर बोला. वचने ऐकवू नका. दानिएलाने राजाचे अन्न टाळून पाहण्यासाठी अधिकाऱ्याकडे फक्त दहा दिवसांची मुदत मागितली (दानिएल १:१२). तसे म्हणा, ‘शेठ, हे पंधरा दिवस खऱ्या वजनाची पट्टी करतो, बघा तरी.’ सरळ काट्यावर शेतकरी परत येतो, हे अडत्याला समजावता येते. नकार आला तर खोटी पट्टी तुम्ही करायची नाही, आणि मग नोकरी जाऊही शकते. देव नोकरी राखीलच असे आम्ही लिहिणार नाही. मूर्तीला नमन न केल्याने भट्टीपुढे उभे केलेले दानिएलाचे तिघे सोबती ‘देवाने नाही सोडवले तरी’ असेच म्हणाले होते (दानिएल ३:१८). तेव्हा बोलण्याआधी दोन-तीन महिन्यांचा किराणा आणि घरभाडे बाजूला काढा, पाळकसाहेबांना कल्पना द्या, दुसरीकडे विचारणा सुरू करा. हे अविश्वासाचे नव्हे.

ज्याच्याकडून घेतले तो सापडत नसेल आणि त्याचा नातलगही नसेल, तर ती रक्कम परमेश्वराला द्यावी असे गणना ५:८ मध्ये आहे. पण पट्ट्यांच्या स्थळप्रती दुकानातच असतात, त्यावर नाव आणि गाव असते. न सापडणारे फार थोडे निघतील.