पगाराला विनिमय दरानं गुणू नका

प्रश्न : ताई, मला दोन देशांतून नोकरीचं बोलावणं आलं आहे. काम एकच, पण एकीकडचा पगार दुसरीकडच्या जवळजवळ दुप्पट भरतो. दरडोई उत्पन्न पाहिलं, तर त्यातही तोच देश पुढे. मुलगी दोन वर्षांची आहे आणि बायकोलाही नोकरी करायची आहे. जीवनमान कुठलं चांगलं, हे आकड्यांवरून ठरवता येतं का?

उत्तर : येतं, पण तुम्ही ज्या दोन आकड्यांवर भिस्त ठेवली आहे त्यांवरून नाही.

माझा धाकटा भाऊ परदेशी नोकरीला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्या पगाराला विनिमय दरानं गुणून आलेला आकडा एका पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवला होता. तीन महिन्यांनी भावाचं पत्र आलं, की जवळजवळ निम्मा पगार घरभाड्यातच जातो. मी त्या काळात संख्याशास्त्र शिकवत होते, तरी तो गुणाकार मलाही खटकला नव्हता.

विनिमय दर ठरतो तो सीमा ओलांडणाऱ्या मालावर आणि भांडवलावर. केस कापणं सीमा ओलांडत नाही. न्हाव्याची कात्री दोन्ही देशांत सारखीच चालते, वेळही तेवढाच लागतो, पण श्रीमंत देशात त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे पडतात. तिथल्या कारखान्यांत मजुरी जास्त असते आणि न्हाव्याला तिच्या आसपास मिळालं नाही तर तो धंदा सोडून कारखान्यात जाईल. घरभाडं, पाळणाघर, शिकवणी, नळदुरुस्ती, सगळ्यांची हीच गत. ही अडचण सोडवण्यासाठी १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून देशोदेशीच्या एकसारख्या वस्तूंचे भाव टिपायला सुरुवात केली. आयर्विंग क्रॅव्हिस हे त्यामागचे अर्थतज्ज्ञ. आता ते काम जागतिक बँक सांभाळते आणि त्यातूनच क्रयशक्तीनुसार काढलेला दर मिळतो, म्हणजे एकसारखी खरेदी दोन्ही देशांत किती पैशांत होते त्यावरून काढलेला. तुमचे दोन्ही पगार आधी त्या दरानं बदलून पाहा. दुपटीतला बराचसा भाग तिथेच विरघळेल, असा माझा अंदाज आहे. मात्र हा दर अख्ख्या देशाचा असतो. तुम्ही ज्या शहरात राहणार तिथलं भाडं वेगळं काढावंच लागेल.

दरडोई उत्पन्नाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. आयर्लंडचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) २०१५ या एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं होतं. तिथल्या माणसांचे पगार काही चौथाईनं वाढले नव्हते! काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री त्या देशात हलवली, त्याचा हा परिणाम. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला असे परिणाम वगळणारा एक निराळा आकडा काढावा लागला. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब सादर केला, तेव्हाच बजावलं होतं की एवढ्यावरून लोकांचं भलं किती झालं हे कळत नाही. असा घोळ नसला, तरी सरासरी ही मूठभर अतिश्रीमंतांमुळे फुगते. म्हणून मध्यक शोधा. सगळ्या घरांना उत्पन्नाच्या क्रमानं उभं केलं, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न किती, ते. तुमचं घर त्या मधल्या घराच्या आसपासच असणार.

आता पुन्हा भावाकडे येते. दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली, सातव्या महिन्यातच. पाच आठवडे ती काचेच्या पेटीत होती. त्या पाच आठवड्यांचं दवाखान्याचं बिल आलं नाही आणि भावजयीचा पगार रजेतही चालू राहिला. भाऊ पत्रांतून करांबद्दल कुरकुर करायचा, ती त्यानंतर थांबली. आमच्या वडिलांच्या पाकिटावर कर म्हणजे नुसती वजाबाकी होती. त्या वजाबाकीतून काय विकत घेतलं जातं, याला तिथे रकानाच नव्हता. ती पाकिटाची पाठ मी अजून जपून ठेवली आहे.

तुम्ही तो रकाना भरा. आजारपण, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण आणि मुलीची शाळा. यातलं काय करातून आधीच भागलेलं आहे आणि कशासाठी पगारातून बाजूला काढावं लागेल, हे दोन्ही देशांसाठी शेजारी शेजारी लिहा. तुमच्या घरी तर पाळणाघराची फी सगळ्यात आधी लिहायला हवी. पत्नीच्या संभाव्य पगारातून ती फी आणि कर वजा केल्यावर एका देशात काहीच उरत नसेल, तर तिथे तिची नोकरी कागदावरच राहील.

वेळेचाही हिशोब करा. अमेरिकेत कामगारामागे वर्षाला सुमारे १,८०० तास काम होतं, जर्मनीत १,३५० च्या आसपास. या फरकातला काही भाग जर्मनीतल्या अर्धवेळ नोकऱ्यांचा आहे हे खरं, पण रजेचाही आहे. युरोपीय संघाच्या नियमानं वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा द्यावीच लागते. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात अशी एका दिवसाचीही सक्ती नाही. मुलगी दोन वर्षांची असताना हे आठवडे पगाराइतकेच मोलाचे असतात, हे मी अनुभवानं सांगते.

प्रश्न : मानव विकास निर्देशांकात एक देश दुसऱ्यापेक्षा तीन क्रमांकांनी वर असेल, तर तो राहायला चांगला म्हणायचा का?

उत्तर : नाही. हा निर्देशांक शून्य ते एक या पट्टीवर मोजतात आणि वरच्या देशांमधला फरक बहुधा तिसऱ्या दशांश स्थळावरचा असतो. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं १९९० मध्ये हा निर्देशांक आणला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची त्यात सांगड आहे. उत्पन्न मोजताना लॉगरिदम घेतात, म्हणजे उत्पन्न जितकं मोठं तितकी पुढच्या तेवढ्याच वाढीला किंमत कमी, कारण गरिबाच्या हाती आलेले हजार आणि श्रीमंताच्या हाती आलेले हजार सारखे नसतात. मला ही त्यातली सगळ्यात माणुसकीची पायरी वाटते. क्रमांक सोडा, मूळ आकडे वाचा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाचं दरडोई उत्पन्न क्रयशक्तीनुसारसुद्धा अमेरिकेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे, पण आयुर्मान जवळजवळ बरोबरीचं. १९४१ पासूनची सामाजिक आरोग्य विमा व्यवस्था आणि १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केल्यावर शाळा-दवाखान्यांकडे वळलेला पैसा यांचा त्यात मोठा वाटा आहे. शिवाय २०१० पासून विषमता लक्षात घेऊन कमी केलेला निर्देशांकही निघतो. तुमचे दोन्ही देश त्या तक्त्यात किती खाली घसरतात, ते आधी पाहा.