शंभरानं गुणायच्या आधी

प्रश्न : ताई, माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी मिळते आहे, वर्षाला 65,000 युरो. मी 34 वर्षांची, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा साडेचार वर्षांचा. कोथरूडला भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. दोघांचे मिळून महिना सव्वादोन लाख हातात येतात, त्यातले एक लाख पाच हजार खर्च होतात. भाडं 32,000, पाळणाघर 9,000, धुणंभांडी आणि पोळीभाजीच्या मावशी मिळून 10,000, सासू-सासऱ्यांना 10,000, बाकी किराणा, गाडी वगैरे. घरात सगळे म्हणतात, पासष्ट लाख! यात विचार कसला करायचा? नेटवर दोन शहरं समोरासमोर ठेवणारे आकडे पाहिले, दूध इतकं, बस इतकी, सिनेमाचं तिकीट इतकं. त्यातून आमचं काही ठरेना. तुम्ही तिथे राहून आलात, म्हणून विचारते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगं, तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीवरच येते. आम्ही 2006 ते 2017 अशी अकरा वर्षं श्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात काढली, आता पुन्हा कर्वेनगरात आहोत. निघायच्या आधी आमच्याकडेही ह्यांच्या पगाराला युरोच्या भावानं गुणून झालं होतं. गुणाकार बरोबर होता, फसलो ते भलतीकडेच. ते सांगते. आकडे मात्र आजचे घेते, आमच्या वेळचे घेऊन काय लोणचं घालायचंय!

आधी त्या पासष्ट हजारांचं काय होतं ते बघ. महिन्याला झाले 5,400. त्यातून पेन्शन, बेकारी, आजारपण आणि म्हातारपणाची शुश्रूषा अशा चार विम्यांचे मिळून अकराशेच्या वर जातात. मग आयकर. तिथे नवरा-बायकोला करवर्ग निवडता येतो. एकाच्याच पगारावर घर चालत असेल तर कमावणाऱ्यानं तिसरा वर्ग घ्यायचा, म्हणजे दरमहा कापला जाणारा कर बराच उतरतो. अशानं तुझ्या नवऱ्याच्या हातात साधारण 3,750 येतील. पण त्यासाठी तूही तिथे राहायला हवीस. तो ‘आधी एकटा जातो, बस्तान बसवतो’ म्हणाला, तर कागदावर तो सड्याफटिंगासारखा पहिल्या वर्गात, महिन्याला चारशेच्या आसपास कमी. त्याच वर्षात तू पोचलीस तर विवरणपत्र भरून त्यातले बरेचसे परत मिळवता येतात, पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या सहा महिन्यांत पैसा पाण्यासारखा जातो, तेव्हा ते हाताशी नसतात. मुलासाठी सरकार देतं ते 2026पासून महिना 259 युरो आहेत. म्हणजे चार हजार धर.

आता घर. तिथे ‘तीन खोल्या’ म्हणजे आपला टू बीएचके, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. पंच्याहत्तर चौरस मीटरला अकराशे-बाराशे ‘थंड’ भाडं. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा दिवा धरून ‘गरम’ भाडं साडेचौदाशेपर्यंत जातं. जाहिरातीत कुठला आकडा आहे ते आधी विचारायचं. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाही, तू सांगायचं.

आणि ‘रिकामं घर’ म्हणजे रिकामंच! आम्ही किल्ली घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीतून आलेला पाण्याचा पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या दोन तारा, बस्स. ना ओटा, ना सिंक, ना बल्ब. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेला होता, तिथे तशीच पद्धत. पहिले तीन आठवडे मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. तेव्हा घर बघताना ‘किचन आहे का’ हा पहिला प्रश्न, खोल्या किती हा दुसरा.

बाकीचं भराभर सांगते. वीज (युनिटला 35 सेंटच्या वरखाली), इंटरनेट, मोबाइल आणि सरकारी रेडिओ-टीव्हीची 18.36 युरो वर्गणी मिळून 170. टीव्ही नसला तरी वर्गणी घराला लागतेच, भांडू नकोस, मी भांडून पाहिलंय. किराणा-भाजी 500. मुलाची बालवाडी, तिथे तिला कीटा म्हणतात, जेवणासकट 250 ते 300. बर्लिनमध्ये कीटाला फी नाही, श्टुटगार्टमध्ये आहे, म्हणून बर्लिनच्या मैत्रिणीचा हिशेब आपल्याला लावायचा नाही. देशभर बस, मेट्रो आणि साध्या गाड्यांना चालणारा पास 2026च्या जानेवारीपासून 63 युरोंचा, तुमचे दोन. कपडे, बूट, औषधं, किरकोळ 200. वर्षातून एकदा पुण्याला यायचं तर तिघांच्या तिकिटांसाठी महिना 200 बाजूला. सासू-सासऱ्यांचे 100. बेरीज केलीस तर तीन हजारांच्या थोडी वर जाते. उरले साडेनऊशे.

युरोचा भाव सोपा शंभर धर. पंच्याण्णव हजार. आज कोथरूडमध्ये तुम्ही किती वाचवता? एक लाख वीस हजार. पासष्ट लाखांच्या जल्लोषात हे कुणी काढून पाहिलंय का घरात?

इथवरचं तू स्वतःही काढलं असतंस, अकाउंट्सवालीच आहेस. आम्ही फसलो ते पुढे. आठवड्याला तुझ्या घरात दुसऱ्यांचे हात किती तास राबतात ते मोज. धुणंभांडी, पोळीभाजी, इस्त्री, गाडी पुसणं, दारावर येणारी भाजी, फोनवर येणारा किराणा. माझ्या अंदाजानं अठरा तास तरी. दहा-अकरा हजारांत महिनाभर तू हे विकत घेतेस आणि ते स्वस्त आहे हे तुला जाणवतही नाही. (आपण मावशींना जे देतो ते कमी आहे, हा वेगळा विषय. तिथून परतल्यावर मी मात्र कुरकुर न करता वाढवलं.) जर्मनीत किमान वेतन 2026पासून तासाला 13.90 युरो. अठरा तासांचे आठवड्याला अडीचशे, महिन्याला हजारावर. म्हणजे पुण्याचा आराम तिथे जसाच्या तसा हवा असेल तर उरलेले साडेनऊशे त्यातच गेले आणि वर उधारी. म्हणून तिथे कुणी मावशी ठेवत नाही, आणि ते अठरा तास कुणाच्या तरी अंगावर पडतात. नोकरी सोडून आलेल्या बाईच्या, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या पहिल्या हिवाळ्यात एके सकाळी दाराला दोरीनं अडकवलेली एक लाकडी पाटी दिसली. मला वाटलं नाताळची काहीतरी शोभा आहे, मी कौतुकानं तिचा फोटो काढून आईला पाठवला. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई हात कमरेवर ठेवून दारात. ती पाटी ‘केरवोखे’ची होती. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर शब्दाचा अर्थ तुला मी काय सांगू! त्या श्वाबेन प्रांताची ही जुनी रीत. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, पुढची वाट साफ ठेवायची, बर्फ पडला तर तोही ओढायचा. एमकॉम होऊन उणे चार अंशांत फावडं हातात घेतलं तेव्हा मला पुण्याच्या सोसायटीतला झाडूवाला आठवून भडभडून आलं. पुढे जमलं. त्याच आजींनी मला क्वार्क दाखवलं, चक्क्याच्या जवळ जाणारं, तेव्हापासून आमचं पाडव्याचं श्रीखंड अडलं नाही.

कीटाबद्दल एक. वर्षाच्या पुढच्या मुलाला जागा मिळायचा कायदेशीर हक्क 2013पासून आहे. हक्क आहे, जागांची मात्र वानवा आहे. नाव नोंदवून वाट बघायची. पत्ता पक्का झाला की त्या दिवशीच अर्ज टाका. प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी जेवायच्या आत सुटते. 2026च्या ऑगस्टपासून पहिलीतल्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क मिळतोय, तुझ्या मुलाला तो बरोबर वेळेवर सापडेल. आमच्या मुलीच्या वेळी तो नव्हता, आणि माझी दोन वर्षं बारा वाजता फाटकाशी उभं राहण्यात गेली.

तुझ्या नोकरीचं खरं सांगते. तुझा नवरा ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना) जात असेल तर तुला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे, जर्मनची परीक्षाही व्हिसासाठी लागत नाही. हे ऐकून लोक निश्चिंत होतात आणि भाषा शिकत नाहीत. इंजिनिअरचं इंग्रजीवर निभतं. हिशेबाच्या कामात पावती, नियम, करखात्याची पत्रं, सगळं जर्मन. मला नोकरी मिळायला दोन वर्षं लागली ती भाषेपायी. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन तुझ्यापासून तासाच्या आत आहे. बॅगा भरायच्या आधी तिथे नाव घाल.

मग जाऊच नको का? जा, पण दुसरा रकाना मांडून जा. चाकण ते कोथरूड, मोशीचा चौक, नाशिक फाटा, तुझा नवरा घरी येतो तेव्हा मुलगा झोपलेला असतो ना? तिथे आमचे हे साडेपाचला घरात असायचे. वर्षाला तीसेक दिवसांची रजा, आणि ती घेतली म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे करायला काही नसतं, माणसं जंगलात फिरतात. तुम्हा तिघांना एकाच विम्यात डॉक्टर मिळतो, तुझ्यासाठी वेगळा हप्ता नाही (मात्र त्वचेच्या डॉक्टरची वेळ मागितलीस तर तोवर पुरळ आपोआप जातं). नवऱ्याचे आठवड्याला दहा-बारा तास मोकळे होतील. ते त्या अठरांतून वजा होणार की सोफ्यावर जाणार, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते बोलणं निघायच्या आधी करा, कोथरूडमध्येच.

आणि होकार द्यायच्या आधी कंपनीकडे तीन गोष्टी मागा. पहिले तीन महिने सामानासकट घर, सामान हलवायचा खर्च आणि तुझ्या भाषेच्या वर्गाची फी. पगार वाढवताना कंपन्या घासाघीस करतात, या तीन गोष्टींना बऱ्याचदा पटकन हो म्हणतात. तुझ्या कंपनीकडे वर्षाची बिनपगारी रजा मागून बघ, राजीनामा नंतरही देता येतो.

प्रश्न : मुलगा ब्रेमेनला शिकायला चालला आहे. स्वयंपाकाचं काय द्यावं, आणि खर्चाला किती लागेल?
– एक आई, औंध

उत्तर : औंधच्या ब्रेमेन चौकातून थेट ब्रेमेनला, छान! व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 त्याच्या हातात येतात. काटकसरीनं एकट्याचं भागतं. पण खोलीची अनामत आणि पहिली खरेदी त्यातून निघत नाही, ते वेगळे द्या. कणीक, तूरडाळ, पोहे तिथे भारतीय दुकानात मिळतात, विमानातल्या सामानाच्या पंचवीस किलोंतले दहा किलो त्यावर घालवू नका. तीन लिटरचा कुकर द्या, सपाट बुडाचा, कारण शेगड्या विजेच्या असतात. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा. ती रिंग फाटली तेव्हा अख्ख्या श्टुटगार्टात मला मिळाली नव्हती, शेवटी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याच्या खिशातून आली.