इमारतीच्या मागची मोकळी जागा एकाच कुटुंबाने बागेसाठी घेरली आहे, भांडण न होता ती सगळ्यांना कशी वापरता येईल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोळा फ्लॅटची इमारत, मागे थोडी मोकळी जागा, तळमजल्यावरच्या कुटुंबाने तिथे जाळी मारून बाग केलेली, गाडीवाले पार्किंगचे पट्टे आखून मागतायत आणि मुलांना खेळायला काही उरत नाही. मी डोंबिवलीत वीस फ्लॅटच्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायटीत राहतो. सहा वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्याकडे जवळपास हेच घडलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं, थोडक्यात. ती जागा कुणा एकाची नाही, सामायिक आहे. तुमची नोंदणी सहकारी सोसायटी म्हणून असेल तर आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, बघा. जिना, लँडिंग, पार्किंग, मोकळी जागा यांपैकी काहीही सभासदाने स्वतःच्या वापरासाठी अडवलं, तर ते मोकळं करावं लागतं आणि जितके महिने अडवलं त्या प्रत्येक महिन्याला मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरावी लागते. नोंदणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर नियम तुमच्या डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदवलेल्या जाहीरनाम्यात, सापडतील, तेव्हा आधी तो कागद काढा. ‘बिल्डरने मला ती जागा विकली होती’ असं कुणी म्हणत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय की स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, किंवा उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. आणि एक गोष्ट नक्की तपासा. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर हस्तांतरण, झालंय का? नसेल तर तुम्ही ज्या जागेसाठी एकमेकांशी भांडताय ती अजून सोसायटीच्या नावावरच नाही. फ्लॅट मालकी कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी कन्व्हेयन्स मिळवण्याची, सोय आहे, त्यासाठी अर्ज करा. या कामाला सगळे सोळा जण एका बाजूने उभे राहतील, एवढा फायदा तरी लगेच होईल.

पण पाचपट दंडाची नोटीस हातात घेऊन त्या घराची बेल वाजवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या आधीच्या कमिटीने ते केलं होतं. दोन वर्षं त्या कुटुंबाने कुणाच्या हळदीकुंकवाला पाऊल ठेवलं नाही, आणि जाळी होती तिथेच राहिली.

मी सेक्रेटरी झाल्यावर एका सकाळी सातला त्या घरातल्या आजींकडे गेलो आणि मागच्या दारात बसलो. बागेच्या आधी तिथे काय होतं, ते त्यांनी सांगितलं. फुटक्या फरशा, वरून फेकलेले केसांचे गुंते, पावसाळ्यात घोटाभर पाणी. तळमजल्याला राहणाऱ्याच्या वाट्याला डास आणि ओल जितकी येते तितकी तिसऱ्या मजल्याला कधी कळत नाही. आजींनी स्वतः राडारोडा उचलून पारिजातक लावला, मग तुळस, गवती चहा, ओवा. जाळी त्यांनी फार नंतर घातली, कुणीतरी एका रात्रीत कुंड्यांवर स्कूटर टेकवून तीन कुंड्या फोडल्या तेव्हा. हे मला सोसायटीत कुणीच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्यातून जे ठरलं ते असं. जाळी काढायची, झाडं ठेवायची. झाडं सोसायटीची, देखभाल आजींची, पाणी सोसायटीच्या नळाचं. कुंड्या भिंतीलगत एका रांगेत, अग्निशमन दलाची माणसं नळी घेऊन आली तर वाट मोकळी हवी म्हणून. गवती चहाची पात कुणीही न विचारता न्यावी. पारिजातक तोडायची मागणी एका गाडीवाल्यांनी केली होती, टपावर फुलं पडून डाग पडतात म्हणून. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे सांगितल्यावर ते थांबले. आता ते गाडी दोन हात अलीकडे लावतात.

आता मुद्द्याचं बोलतो. जागा वाटायला गेलात की ती कमी पडणारच. पट्टा आखला, त्यावर फ्लॅट नंबर रंगवला की ती चौकट त्या माणसाच्या मनात कायमची त्याची होते, गाडी विकली तरी सुटत नाही. म्हणून वेळ वाटा. वाड्याचं एकच अंगण सकाळी धुण्याचं असायचं, दुपारी वाळवणाचं, संध्याकाळी मुलांचं, रात्री गप्पांचं. कुणी तिथे रेघा मारल्या नव्हत्या.

आम्हाला हे सुचलं ते कुरडयांवरून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दर एप्रिलला गच्चीवर कुरडया घालतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. जुन्या धोतरावर पांढऱ्या ओल्या कुरडयांच्या रांगा मांडलेल्या, आणि बरोबर त्यांच्या मध्यावर एक टेनिस बॉल येऊन पडला. चार कुरडया चेंदल्या आणि धोतरावर बॉलचा मातकट गोल उमटला. काकू ओरडल्या नाहीत, खाली बसून रडल्या. मारणारा सातवीतला मुलगा जिन्यात जाऊन लपला होता. परीक्षा संपतात तेव्हाच वाळवणाचं ऊनही पडतं, दोघांचा हंगाम एकच, त्यात चूक कुणाची म्हणायची?

त्या रविवारी आम्ही सभा गच्चीवरच घेतली. जागेचा प्रश्न त्या जागेवर उभं राहून सोडवावा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अजिबात नको. तिथे रात्री अकराला टाकलेलं एक वाक्य सहा महिने निस्तरावं लागतं. आणि सभेला फक्त सभासद बोलवू नका. अंगण सर्वांत जास्त वापरतात ती मुलं, म्हातारी माणसं आणि भाडेकरू, आणि यांतल्या बहुतेकांना मत नसतं. आमच्याकडे एक आठवीतली मुलगी उठून म्हणाली, ‘काका, मुलं रोज क्रिकेट खेळतात, आम्ही जिन्यात बसून असतो.’ मी सहा वर्षं तिला जिन्यात बसलेली बघत होतो, मला वाटायचं त्यांना गप्पाच मारायच्या असतात. मंगळवार आणि शुक्रवार बॅडमिंटनचे झाले ते तिच्यामुळे.

मार्च ते मे गच्ची सकाळी सातपासून चारपर्यंत वाळवणाची. खालचं अंगण साडेपाच ते साडेसात मुलांचं, बॉल प्लास्टिकचा, आणि त्या दोन तासांत मधल्या दोन गाड्या रस्त्याच्या बाजूला काढायच्या. हे सगळ्यांत अवघड गेलं. दमून घरी आलेल्या माणसाला गाडी पुन्हा हलवायला सांगणं सोपं नाही. शेवटी किल्ल्या वॉचमनकडे ठेवायचं ठरलं, त्याला गाडी चालवता येते म्हणून जमलं. सात गाड्या आणि पाच जागा असल्यामुळे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो. जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वर्षापुरतं वाटप करायचं, असं उपविधीतच आहे. आधी सगळं एक महिना करून बघितलं, दोन बदल केले आणि मगच सर्वसाधारण सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहिलं. लिहिणं सोडू नका, पुढची कमिटी आली की तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही.

गच्चीच्या किल्लीकडेही बघा. आमच्याकडे ती ‘सुरक्षेसाठी’ चौथ्या मजल्यावरच्या एका घरात असायची. ते कधी नाही म्हणाले नाहीत, पण दर वेळी बेल वाजवून मागायची लाज वाटते, त्यामुळे वर्षानुवर्षं गच्ची फक्त त्यांची झाली होती. आता दिवसभर कुलूप नसतं, रात्री लावतो आणि किल्ली वॉचमनच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर असते.

सगळं जमलं असं सांगणार नाही. एक कुटुंब अजून आमच्याशी बोलत नाही, त्यांना स्वतःच्या नावाचा पट्टा हवा होता. दुचाक्यांचा गोंधळ तसाच आहे. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून दोन गट होते. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे मुलांच्या खेळाच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब एक जागा ठरवली, तेवढ्याने वाद निवळला, मिटला नाही.

तुमच्याकडे बोलून काहीच झालं नाही तर सोसायटी सहकार न्यायालयात जाऊ शकते. वाट लांबची आहे, पण आहे. त्याआधी एक करा. एक वही घ्या आणि आठवडाभर मागच्या जागेत सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोण असतं, काय करतं, ते लिहून काढा. आमच्या वहीत दिसलं की मधली जागा दुपारी बारा ते पाच पूर्ण रिकामी असते. आणि जाळी कधी घातली, का घातली, हे तळमजल्यावरच्यांना त्यांच्याच दारात बसून विचारा. त्या जाळीमागे काय काय लावलंय, तेही वहीत लिहा.